पुडीवरचं नाव

गाडीवरून खारे दाणे घेताना आपण विकणाऱ्याचं नाव कधी विचारतो का? दाणे खवट निघाले, तर उद्या दुसरी गाडी. एवढाच आपला हिशेब. मग अशा स्वस्त जिनसेवर एखाद्यानं नाव छापावं आणि ते जन्मभर सांभाळावं, यात काय साधतं? याचं उत्तर अमेरिकेतल्या 'प्लँटर्स' या घरच्या धंद्याच्या हकिकतीत मिळतं.

अमेडेओ ओबिची हा इटलीतल्या ओडेर्झो गावचा मुलगा. १८८९ च्या सुमारास, अवघ्या अकरा-बारा वर्षांचा असताना तो अमेरिकेस गेला. पुढं पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी या कोळसाखाणींच्या गावी त्यानं फळांचं दुकान थाटलं आणि दाणे भाजायला एक भट्टी घेतली. १९०६ साली मारिओ पेरुझ्झी याच्याशी त्यानं भागी केली. हा पेरुझ्झी म्हणजे त्याचा मेहुणा.

त्या काळी तिथं दाणे बहुधा टरफलासकट, सुटे विकले जात. दाण्यात तेल फार. भाजून उघडे ठेवले की हवेनं ते खवट होतात. पेरुझ्झीनं भाजलेल्या अख्ख्या दाण्यांची लाल साल काढण्याची रीत बसवली. असे खारे दाणे दोन औंसांच्या, म्हणजे सुमारे ५७ ग्रॅमच्या, पुडीत भरून पाच सेंटांना मिळू लागले. पहिल्या विक्रीच्या नफ्यापेक्षा गिऱ्हाईक परत येणं मोलाचं, असं ओबिची मानी. म्हणून त्यानं काय करावं? प्रत्येक पुडीत आपल्या आडनावाचं एकेक रोमन अक्षर घातलं. पुरं आडनाव जुळवील त्याला घड्याळ बक्षीस!

१९१३ साली त्यांनी व्हर्जिनियातल्या सफक गावी कारखाना काढला. भोवताली भुईमुगाची शेतं, माल दारातच. १९१६ च्या चित्रस्पर्धेत अँटोनियो जेन्टिले या शाळकरी मुलानं माणसासारखी शेंग काढली आणि पाच डॉलरांचं बक्षीस मिळवलं. एका चित्रकारानं तिला उंच टोपी आणि एकडोळी चष्मा चढवला. तेच 'मिस्टर पीनट'. ओबिचीनं पुढं त्या मुलाच्या शिक्षणाला हातभार लावला, आणि मुलगा डॉक्टर झाला.

ओबिचीला मूलबाळ नव्हतं. १९४७ साली तो वारला. त्याच्या पैशातून उभं राहिलेलं, पत्नी लुईझच्या नावाचं रुग्णालय १९५१ साली सफकमध्ये सुरू झालं. १९६० च्या सुमारास कंपनी विकली गेली. त्यानंतर मालक बदलत गेले. २०२१ साली हॉर्मेल कंपनीनं ती घेतली.

घराणं गेलं, शेंगेचा तो पुतळा मात्र पुडीवर राहिला. नाव विकता येतं, विकतही घेता येतं. पण आपण पुडी फोडतो, पहिला दाणा तोंडात टाकतो, तेव्हा त्या नावाची पुन्हा परीक्षा होते. आणि त्या वेळी परीक्षक असतो आपण!