किनारा सर्वांचा, पाणी आपले

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातून तिहुआना ते काबो सान लुकास असा सुमारे १,७०० किलोमीटर लांबीचा राजमार्ग जातो. तो १९७३ साली पूर्ण झाला. बेताच्या खर्चात या वाटेने मोटारप्रवास साधतो, याचे एक कारण तेथील कायद्यात आहे. भरतीरेषेपासून आत २० मीटर रुंदीची किनारपट्टी राष्ट्राच्या मालकीची असते. पुळणीकडे जाणारी वाट अडविणाऱ्या लगतच्या जमीनमालकास दंड करण्याची तरतूदही २०२० साली झाली. म्हणूनच कोन्सेप्सिओन उपसागराच्या काठी, झावळ्यांनी शाकारलेल्या खोपीशेजारी माफक भाड्यात तंबू ठोकता येतो.

किनारा सर्वांचा असला, तरी पिण्याचे पाणी आपले आपणच न्यावे लागते. एल रोसारिओच्या दक्षिणेस वाळवंटातील सुमारे ३०० किलोमीटरांत पेट्रोलपंपाचा भरवसा नाही. तेथे टाकी भरूनच पुढे निघावे. रस्त्यावर मोकाट गुरे येतात, यास्तव रात्री मोटार हाकू नये. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर मुक्काम कदापि करू नये. दूर डोंगरात पाऊस पडला, की निरभ्र आकाशाखालीही लोंढा येऊन थडकतो. या वाटेवर पैसा वाचतो, तो पूर्वतयारीच्या बळावर.