ग्रहणीचा रुग्ण आणि जिआर्डियाचे विभाजन
ग्रहणीचा रुग्ण पुनःपुन्हा येतो आणि मलपरीक्षणाचा अहवाल मात्र निर्दोष असतो, हा अनुभव वैद्यबंधूंना नवा नाही. अशा वेळी जिआर्डियाचे जीवनचक्र ध्यानी घ्यावे. दूषित जलातून आलेली त्याची पुटी जठराम्लाने चेतवली जाऊन लघ्वंत्राच्या आरंभी फुटते. मुक्त झालेले जंतू आंत्रभित्तीस चिकटून द्विविभाजनाने वाढतात. प्रयोगशाळेतही पित्तयुक्त माध्यमात ही वाढ अभ्यासता येते. पुढे सरकलेले जंतू पुन्हा पुटीबद्ध होऊन मलावाटे बाहेर पडतात. परंतु प्रतिदिनी नव्हे. म्हणून एकाच अहवालावर विसंबू नये. निरनिराळ्या दिवशीचे तीन नमुने तपासावेत. नेहमीच्या क्लोरीनला पुटी सहज दाद देत नाही. तेव्हा औषधाबरोबर उकळलेल्या पाण्याचे पथ्यही अवश्य सांगावे. अन्यथा चिकित्सा सफल होऊनही व्याधी परतेल.