सांध्यांचे औषध आणि निद्रिस्त क्षय

क्षयाचे जंतू श्वासावाटे फुप्फुसात शिरले म्हणजे क्षयरोग झालाच, असे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूंचा संसर्ग झालेला आहे. मात्र त्यांपैकी केवळ ५ ते १० टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरात जंतू मरतात किंवा निद्रिस्त राहतात. त्यांना जखडून ठेवण्याचे श्रेय पेशींच्या परस्पर संवादाला जाते.

मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी जंतूंना गिळतात. परंतु क्षयाचा जंतू त्यांच्या आतही तग धरतो. अशा वेळी पेशी सायटोकाईन ही सूक्ष्म प्रथिने सोडून परस्परांना संदेश देतात. टी पेशींकडून येणारे इंटरफेरॉन गॅमा मॅक्रोफेजची मारकशक्ती वाढवते. टीएनएफ हे दुसरे सायटोकाईन आणखी पेशींना पाचारण करते आणि जंतूंभोवती त्यांची घट्ट गाठ टिकवून धरते. या गाठीस ग्रॅन्युलोमा म्हणतात.

हेच टीएनएफ आमवातात मात्र अकारण, अतिरिक्त प्रमाणात स्रवते आणि सांधे सुजवते. म्हणून त्याला निष्प्रभ करणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी जैविक औषधे आली. अनेक रुग्णांना त्यांनी मोठा दिलासा दिला. परंतु २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हे औषध घेतलेल्या ७० रुग्णांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच रोग जडला होता. निम्म्याहून अधिक रुग्णांत तो फुप्फुसाबाहेर आढळला. सांध्यांतील आग विझवताना गाठीवरचा पहाराही उठला होता.

तेव्हापासून अशी औषधे सुरू करण्यापूर्वी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा चाचणी करण्याचा प्रघात पडला. निद्रिस्त संसर्ग आढळल्यास आधी प्रतिबंधक उपचार सुरू केले जातात. क्षय आजही मोठ्या प्रमाणावर असलेल्या आपल्या देशात ही तपासणी केवळ उपचार म्हणून उरकण्याची बाब नव्हे. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असल्यास ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. उपचारादरम्यान रेंगाळणारा ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम किंवा मानेतील गाठ दिसल्यास, खोकला नसला तरीही, त्वरित तपासून घ्यावे. औषध मात्र परस्पर बंद करू नये.