जुनी स्पोर्ट्‌स कार, नवा मालक : ‘बॉक्स्टर’च्या पोटातील गुपिते

नवी कोरी स्पोर्ट्‌स कार विकत घेणे हे मूठभरांचेच काम. मात्र दहा-पंधरा वर्षे वापरलेली तीच मोटार मूळ किमतीच्या काही अंशात मिळू लागली, की मुंबई-पुण्यातल्या अनेक मध्यमवयीन मोटारप्रेमींची जुनी हौस पुन्हा उचल खाते. अडचण सुरू होते ती गाडी दारात आल्यानंतर. आधीच्या मालकाने माहितीपुस्तिका हरवलेली असते, विकणारा दलाल ‘सगळे ओके’ म्हणून निघून जातो आणि नव्या मालकाला आपल्या मोटारीत काय काय दडले आहे, याचा पत्ता नसतो. वापरलेल्या बाजारात वारंवार दिसणारी पोर्शे कंपनीची ‘बॉक्स्टर’ हे त्याचे उत्तम उदाहरण.

बॉक्स्टरचे संकल्पनारूप १९९३ मध्ये डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात झळकले आणि १९९६ मध्ये ती प्रत्यक्ष बाजारात आली. आडव्या सिलिंडरांचे ‘बॉक्सर’ इंजिन आणि उघड्या टपाची ‘रोडस्टर’ या दोन शब्दांच्या संधीतून तिचे नाव तयार झाले. ‘९८६’ ही पहिली पिढी २००४ पर्यंत चालली, त्यानंतर २०१२ पर्यंत ‘९८७’ आली. पोर्शेने भारतात अधिकृत प्रवेश केला तो २००४ मध्ये. साहजिकच रीतसर विकल्या गेलेल्या जुन्या गाड्यांत ९८७ चाच विचार प्रामुख्याने करावा लागतो.

जन्मदाखला कुठे वाचावा?

पुढच्या काचेच्या तळाशी दिसणारा सतरा अक्षर-अंकांचा चासी क्रमांक हा गाडीचा जन्मदाखला. त्यातील दहावे स्थान गाडीचे मॉडेल वर्ष सांगते, तर अकरावे स्थान कारखाना. तेथे ‘एस’ असेल तर गाडी जर्मनीतील स्टुटगार्टची आणि ‘यू’ असेल तर फिनलंडमधील उसिकाउपुंकी येथील कारखान्यात तयार झालेली. अनेक बॉक्स्टर फिनलंडमध्ये बनल्या, त्यामुळे ‘यू’ पाहून दचकण्याचे कारण नाही. पुढच्या बॉनेटच्या आतील बाजूस एक कागदी पट्टी चिकटवलेली असते. कारखान्यातून गाडीत कोणकोणत्या जादा सुविधा बसवल्या होत्या, त्यांचे सांकेतिक क्रमांक या पट्टीवर असतात. विक्रेता सांगतो त्या सुविधा मूळच्या की नंतर बाहेरून बसवलेल्या, याचा निवाडा या पट्टीवरून होतो. पट्टी गायब असेल किंवा तिच्यावरील क्रमांक चासी क्रमांकाशी जुळत नसेल, तर अपघातानंतर बॉनेट बदलल्याची शक्यता गृहीत धरावी.

नजरेआड असलेल्या सोयी

बॉक्स्टरचे इंजिन दोन आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यभागी असते. त्यामुळे तिला पुढे एक आणि मागे एक अशा दोन डिक्या मिळाल्या आहेत. पुढची सुमारे १५० लिटर, तर मागची १३० लिटर क्षमतेची. इंजिन मात्र कुठूनच सहज दिसत नाही. तेल आणि शीतक द्रव भरण्याची तोंडे मागच्या डिकीत आहेत. ९८७ मध्ये तेल तपासण्याची नेहमीची पट्टी नाही. पातळी डॅशबोर्डवरील पडद्यावर पाहावी लागते. त्यासाठी गाडी सपाट जागी उभी हवी. वर्षानुसार तपासण्याची रीत बदलते, म्हणून पुस्तिका पाहणे अपरिहार्य. पातळी कमी दिसली म्हणून अंदाजाने तेल ओतणे धोक्याचे, कारण जादा तेलही इंजिनाला तितकेच घातक ठरते.

पेला ठेवायला जागाच नाही, अशी तक्रार नवे मालक हमखास करतात. प्रत्यक्षात डाव्या आसनासमोर, डॅशबोर्डवरील आडव्या पट्टीमागे दोन घड्या होणारे पेलाधारक लपलेले आहेत. डॅशबोर्डच्या माथ्यावरील गोल घड्याळ हे काही गाड्यांत वेळ मोजण्याचे स्टॉपवॉच असते. ते असेल, तर गाडीत ‘स्पोर्ट क्रोनो’ ही जादा सुविधा असून ‘स्पोर्ट’ बटण दाबल्यावर अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद अधिक तीव्र होतो.

९८७ चा कापडी टप सुमारे १२ सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंतच्या वेगात गाडी चालू असतानाही उघडता-मिटता येतो. मात्र त्याआधी काचेच्या वरच्या चौकटीवरील खिट्टी हाताने सोडवावी लागते. मागचा पंखा, म्हणजे ‘स्पॉयलर’, ताशी १२० किलोमीटरला आपोआप वर येतो. द्रुतगती मार्गावर कायद्याने वागणाऱ्या चालकाच्या गाडीचा पंखा त्यामुळे कधीच हलत नाही आणि वर्षानुवर्षे बसून राहिल्याने तो अडकतो. हा पंखा बटणानेही वर-खाली करता येतो. महिन्यातून एकदा ते करावे आणि त्याखालची धूळ पुसून घ्यावी.

बॅटरी उतरली, झाकण उघडेना

सर्वाधिक घाबरवणारा प्रसंग हा. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचे कुलूप विजेवर चालणारे. महिनाभर गाडी उभी राहून बॅटरी पूर्ण उतरली, तर बॅटरीपर्यंत पोहोचायलाच वीज नाही, असा पेच उभा राहतो. काही मेकॅनिक अशा वेळी पकड-पहार काढतात आणि हजारोंचे नुकसान करून ठेवतात. कंपनीने यावर साधा उपाय दिलेला आहे. पाय ठेवण्याच्या जागेत, दाराशेजारील झाकणामागे फ्यूजपेटी असते. तिच्यातून लाल रंगाचे धन टोक बाहेर ओढता येते. दुसऱ्या बॅटरीची धन तार त्याला आणि ऋण तार दाराच्या कुलपाच्या धातूच्या कडीला जोडली, की झाकण उघडण्यापुरती वीज मिळते. दार उघडे असल्याने या वेळी गजर वाजू शकतो. किल्लीवरील बटणाने तो बंद होतो. ही जोडणी फक्त झाकण उघडण्यासाठी आहे, इंजिन सुरू करण्यासाठी नव्हे. झाकण उघडल्यावर पुढचे काम थेट बॅटरीवरच करावे. गाडी आठवड्यातून एकदाच निघणार असेल, तर मंद गतीने बॅटरी भारित ठेवणारा चार्जर ही चैन नव्हे, गरज समजावी.

अशीच दुसरी छोटी पण मोलाची वस्तू म्हणजे चाकाच्या चोररोधक बोल्टची चावी. तिच्याशिवाय चाक निघत नाही. गाडी ताब्यात घेताना ती हत्यारांच्या पिशवीत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. अनेक गाड्यांत जादा चाक नसून केवळ पंक्चर भरण्याचा द्रव आणि हवेचा पंप असतो. त्या द्रवालाही मुदत असते.

पाणी, पाने आणि पावसाळा

कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाला ही गाडी नाजूक. टपाच्या घडीत आणि पुढच्या काचेखाली, बॅटरीजवळ, पाणी वाहून जाण्याची छिद्रे आहेत. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत ती पानांनी तुंबतात आणि पाणी आत उतरते. ९८६ मध्ये तर गाडीच्या कुलूप-यंत्रणेचा नियंत्रक आसनाखालीच असल्याने थोडे पाणीही मोठा खर्च उभा करते. मे महिन्यात ही छिद्रे मोकळी करून घ्यावीत. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतील जाळ्यांमागे रेडिएटर असतात. तेथे सुकी पाने, प्लास्टिकच्या पिशव्या अडकतात, ओलाव्याने धातू कुजतो आणि घाटात गाडी तापू लागते.

२६ जुलै २००५ च्या महापुराने हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या, तेव्हापासून बुडालेल्या गाड्यांची भीती मुंबईच्या बाजारात कायम आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ दिसली, तर भाव कितीही उतरला तरी व्यवहार मोडावा.

इंजिनाचे दुखणे

१९९७ ते २००८ या मॉडेल वर्षांतील इंजिनात मधल्या दांड्याचे बेअरिंग, म्हणजे जगभर ‘आयएमएस’ नावाने ओळखला जाणारा भाग, हा कळीचा मुद्दा. ते तुटले तर संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. अमेरिकेत यावरून झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली. ९८७ च्या सुरुवातीच्या गाड्यांत मोठे बेअरिंग आले आणि बिघाडाचे प्रमाण घटले, पण इंजिन खोलल्याशिवाय ते बदलता येत नाही. २००९ पासूनच्या नव्या रचनेच्या इंजिनातून हा दांडाच काढून टाकण्यात आला. म्हणूनच २००८ आणि २००९ या दोन वर्षांतला फरक केवळ एका वर्षाचा नसतो. तेल बदलताना गाळणी कापून तीत धातूचे कण आहेत का, हे पाहणे ही जुन्या इंजिनासाठी स्वस्तात मिळणारी पूर्वसूचना होय. तेल तापेपर्यंत इंजिन जोराने फिरवू नये, आणि उंच गिअरमध्ये फार कमी फेऱ्यांवर ओढूही नये.

इंजिनाचा संगणक मर्यादेपलीकडे फिरवलेल्या फेऱ्यांची नोंद ठेवतो. खरेदीपूर्वी ही नोंद तज्ज्ञाकडून वाचून घ्यावी. पूर्वीच्या मालकाने गाडी कशी हाकली, याची ती साक्ष असते. विक्रेता तपासणीस नकार देत असेल, तर ते उत्तरच पुरेसे आहे.

टायर, ब्रेक आणि जीव

कमी धावलेल्या गाडीचे टायर नव्यासारखे दिसतात, पण रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१४’ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असे टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलावेत. ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते किलोमीटर न मोजता दर दोन वर्षांनी बदलायचे असते.

मध्यभागी इंजिन असलेली गाडी वळणावर अतिशय तोल राखून जाते, पण तिची मर्यादा ओलांडली की ती झटक्यात फिरते. ओल्या वळणावर मध्येच घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडणे ही नवशिक्याची सर्वांत महाग चूक. गाडी सावरणारी ‘पीएसएम’ यंत्रणा बटणाने बंद करता येते. पावसाळ्यात त्या बटणाला हात लावू नये. गाडीत मागचे आसन नसल्याने लहान मुलाला पुढेच बसवावे लागते. समोरची एअरबॅग चालू असताना मागे तोंड करून बसवायचे बाळाचे आसन तेथे कदापि लावू नये.

कागदपत्रांचे भान

विक्रेत्याने फॉर्म २९ आणि खरेदीदाराने फॉर्म ३० भरून मालकी हस्तांतर नोंदवायचे असते. खरेदीदाराला कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे. परराज्यातील गाडी असेल तर तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. विमा हस्तांतरासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवावे. नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो आधीच्या मालकाकडेच राहतो. गाडी खासगीरीत्या आयात केलेली असेल, तर सीमाशुल्क भरल्याची कागदपत्रे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

जुन्या स्पोर्ट्‌स कारची किंमत वयानुसार घसरते, सुट्या भागांची नाही. पाच-सहा वर्षे वापरलेल्या मध्यम मोटारीच्या भावात बॉक्स्टर मिळाली, तरी तिचा ब्रेक, क्लच आणि टायर यांचा खर्च पोर्शेचाच असतो. त्यामुळे हाती असलेले सगळे पैसे खरेदीत न घालता त्यातला ठरावीक हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. हरवलेली माहितीपुस्तिका मिळवावी, तेल व सर्व द्रव बदलून घ्यावेत, दोन्ही किल्ल्या चालतात का ते पाहावे. त्यानंतरच टप उघडून लोणावळ्याच्या वाटेला लागावे.