पत्र्यावरचं आकाश

काळ्या गाडीचा फोटो काढायचा असेल तर मी आधी गाडीकडे पाठ करून उभी राहते आणि तिच्यासमोर काय काय आहे ते बघून घेते. पांढरी व्हॅन, दिव्याचा खांब, कचऱ्याचा हिरवा डबा, लाल टी-शर्टातला माणूस, जे असेल ते सगळं तिच्या दारावर उमटणार असतं. काळा रंग नीट पॉलिश झाला की त्याला स्वतःचं असं रूप फारसं उरत नाही. समोरचं आकाश, रस्ता आणि माणसं तेवढी त्यात दिसतात. म्हणून गाडीचा फोटो हा खरं तर पत्र्यावर पडलेल्या प्रतिबिंबाचा फोटो असतो, असं मी मानते. ते प्रतिबिंब कुठलं असावं, हे पुष्कळसं आपल्या हातात असतं.

मी लॉस एंजेलिसला लागून असलेल्या बरबँकमध्ये राहते. इथे रिव्हरसाइड ड्राइव्हवर ‘बॉब्ज बिग बॉय’ नावाचं १९४९ साली बांधलेलं रेस्टॉरंट आहे. शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्या जमतात. दोरखंड बांधलेले नसतात, परीक्षक नसतात. माणसं गाडी लावतात, डिकीतून घडीच्या खुर्च्या काढतात आणि गाडीमागे गप्पा मारत बसतात. दक्षिणेला हंटिंग्टन बीच शहरात एका डोनटच्या दुकानासमोर शनिवारी भल्या पहाटे असाच मेळा भरत आला आहे. तो ऊन वर चढायच्या आत पांगतो, त्यामुळे तिथला उजेड फोटोला फार चांगला. पण मला शुक्रवारची संध्याकाळच जास्त आवडते.

बघायची ही रीत मी बाबांकडून घेतली. त्यांचं सांगलीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. पत्रा ठोकून झाला, लांबी भरून घासून झाली की बाबा त्यावरून ओलं फडकं फिरवायचे. कोरड्या प्रायमरवर काही दिसत नाही, ओला झाला की तो क्षणभर चमकतो. मग दाराजवळ गाल नेऊन ते पत्र्यावरून लांबवर नजर टाकायचे. छताला टांगलेल्या ट्यूबलाइटची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ धावली तर काम झालं. ती कुठे थरथरली, कुठे फुगली, की पुन्हा घासपेपर. काळी गाडी रंगवायला आली की बाबा दोन दिवस जास्त मागून घ्यायचे, कारण काळा रंग काहीही लपवत नाही.

बरबँकच्या पार्किंगमध्ये मी तीच रेघ शोधत असते. ट्यूबलाइटच्या जागी इथे क्षितिज असतं. वर उजळ आकाश, खाली गडद डांबर, आणि दोन्ही जिथे भेटतात ती सीमारेषा गाडीच्या कुशीवर उमटते. ती रेषा बोनेटपासून मागच्या चाकापर्यंत अखंड वाहत गेली तर पत्र्याची गोलाई फोटोत उतरते. ती खांबांनी आणि माणसांनी तोडली तर कितीही महागडा कॅमेरा असू द्या, गाडी चपटी दिसते. प्रकाश पत्र्यावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परत जातो, कॅरमची सोंगटी कडेला आपटून परतते तसा. त्यामुळे नको असलेला खांब दारावरून हटवायला तो उपटावा लागत नाही. आपण दोन पावलं डावीकडे सरकलो की प्रतिबिंबातला खांबही सरकतो. लोक गाडीभोवती एक फेरी मारून चार फोटो काढतात आणि पुढे जातात. मी एकाच बाजूला उभी राहून वर-खाली, मागे-पुढे होत राहते. फोटोतला मोठा फरक तिथेच पडतो.

दुपारच्या उन्हात हे जमत नाही. सूर्य पत्र्यावर एकच पांढरा डाग पाडतो आणि बाकीचं सगळं काळवंडतं. सूर्य मावळल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सर्वांत मोलाची. तेव्हा सगळं पश्चिमेचं आकाश एकच मोठा, मऊ दिवा होतं.

पण नुसता उजेड समजून भागत नाही, गाडीही समजावी लागते. हॉट रॉडच्या बाबतीत तर फारच. हॉट रॉड म्हणजे जुनी, साधी गाडी कापून, हलकी करून, दमदार इंजिन घालून वेगासाठी नव्याने घडवलेली. तिचं मूळ इथल्याच वाळवंटात आहे. म्युरॉक आणि एल मिराज ही लॉस एंजेलिसच्या उत्तरेची कोरडी तळी, मैलोन्‌मैल सपाट. पोरं आपापल्या फोर्ड गाड्या तिथे नेऊन पळवायची. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून वेग मोजायला सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. म्युरॉकच्या जागी आता एडवर्ड्स हवाई तळ आहे. एल मिराजला आजही गाड्या धावतात.

या सगळ्याच्या केंद्रस्थानी आहे १९३२ची फोर्ड. त्या वर्षी मार्चअखेर फोर्डने सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल असं व्ही-८ इंजिन आणलं. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती, आणि आठही सिलिंडरांचा ब्लॉक एकसंध ओतलेला. कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीवाल्यांना यातली करामत वेगळी सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धातून तरुण परतले तेव्हा त्यांच्या हातात यंत्रकामाचं कसब होतं आणि बाजारात या गाड्या मोडीच्या भावात पडून होत्या. त्यांनी मडगार्ड काढले, बंपर काढले, वजन उतरवलं. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन या तरुणाने ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक काढलं आणि लॉस एंजेलिसमधल्या एका प्रदर्शनाबाहेर उभं राहून पंचवीस सेंटला एक अंक असे ते विकले. त्याच्या नावाचं गाड्यांचं संग्रहालय १९९४पासून विल्शायर बुलेव्हार्डवर उभं आहे. आपल्याकडे व्हिंटेज रॅलीत गाडी कारखान्यातून निघाली तशी आहे का, हे बघतात. हॉट रॉडमध्ये ती किती आणि कशी बदलली हे बघायचं असतं, म्हणून मूळ गाडी कशी होती हे डोळ्यांपुढे नसेल तर काय टिपायचं तेच कळत नाही.

उदाहरणार्थ, टप ‘चॉप’ करणं. खिडक्यांच्या उंचीतले खांब दोन-तीन इंच कापायचे आणि छत खाली बसवून पुन्हा जोडायचं. ऐकायला सोपं. पण खांब तिरपे असतात. मधला तुकडा काढला की छताची टोकं खालच्या खांबांवर येतच नाहीत. मग छत कापून लांबवा, नाहीतर खांब आणखी कलते करा, काच नव्याने कापून घ्या. १९३२च्या फोर्डचे खांब बरेच उभे असल्यामुळे तिथे निभावतं. १९५१च्या गोलसर मर्क्युरीत हे काम माणसाची कसोटी बघतं. गाड्या अशा नव्याने घडवणाऱ्या बॅरिस बंधूंच्या कारखान्यात बॉब हिरोहाता या तरुणासाठी अशी एक मर्क्युरी घडवली गेली. ती आजही या कलेतला मानदंड मानतात.

आता हे सगळं काम उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत मातीमोल होतं. वरून छताचा पत्राच पत्रा दिसतो आणि ती बारीक खिडकी दबून जाते. मी गुडघ्यावर बसते आणि कॅमेरा खिडकीच्या खालच्या काठाच्या पातळीला आणते. तिथून छत एक पातळ पट्टी होतं आणि चॉपची सगळी ऐट समोर येते. मागची चाकं मोठी, पुढची लहान आणि नाक जमिनीकडे झुकलेलं, अशी ठेवण असेल तर बरोबर बाजूने, चाकाच्या मध्याच्या उंचीवरून फोटो घ्यावा. तोही जवळून वाइड लेन्सने घेऊ नये. वाइड लेन्स जवळचं चाक फुगवते आणि घडवणाऱ्याने जपून साधलेलं प्रमाण बिघडवते. मी ८५ मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्स लावते आणि मागे सरते. मोबाइल असेल तर दोन किंवा तीन पट दाखवणारी लेन्स निवडा आणि तुम्ही चार पावलं मागे जा.

एकदा गर्द मरून रंगाच्या १९४०च्या फोर्डसमोर मी अशीच बसून दारावरून नजर टाकत होते. मालक सत्तरीच्या पुढचे. खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, “तुम्ही फोटो काढत नाही आहात. तुम्ही काम तपासताय.” मी बाबांचं आणि ट्यूबलाइटचं सांगितलं. त्यांनी मला मागच्या मडगार्डाच्या सांध्यापाशी नेलं. तो सांधा त्यांनी शिशाने भरला होता. रासायनिक लांबी बाजारात येण्याआधी इथे तीच पद्धत होती. पत्र्याला कल्हई द्यायची, शिशाची कांडी ज्योतीवर मऊ करायची आणि लाकडी फळीने ती लोण्यासारखी पसरायची. उष्णता थोडी जास्त झाली की सगळं ओघळून जमिनीवर. रंगाखाली आता त्यातलं काहीच दिसत नाही. दिसते ती फक्त तिथून न थरथरता गेलेली आकाशाची कड. मी ती कड टिपली. दरवाजाचं हँडल, लोगो, स्टिअरिंग यांचे फोटो सगळेच काढतात. पण ज्या ठिकाणी माणसाचा हात सर्वांत जास्त वेळ थांबला ती जागा शोधून काढावी, असं माझं मत आहे. ती सापडली नाही तर मालकाला विचारावं. असं कोणी विचारावं म्हणून ते सात दिवस थांबलेले असतात.

रंगाचं गणित गाडीगणिक बदलतं. ‘कँडी’ रंगात तळाला चांदीसारखा किंवा सोनेरी थर असतो आणि त्यावर पारदर्शक रंगाचे अनेक हात. प्रकाश रंगातून आत जातो, तळाच्या थरावरून परततो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. म्हणून तो रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. या रंगाच्या शोधाचं श्रेय कॅलिफोर्नियाच्याच जो बेलॉन यांना देतात. ढगाळ उजेडात काळी गाडी खुलते, पण कँडी विझून जातो. त्याला कलतं, थेट ऊन लागतं. त्यामुळे माझा क्रम ठरलेला असतो. सूर्य वर आहे तोवर कँडी रंगाच्या गाड्या आणि १९६४च्या शेवरोलेट इम्पाला, तो बुडाला की काळ्या.

पोलरायझर फिल्टरबद्दल बरेच जण विचारतात. काचेवरची आणि रंगावरची चकाकी तो कापतो. पृष्ठभागाशी साधारण ३५ अंशांच्या कोनातून बघत असाल तर सर्वांत जास्त. काचेआडचा डॅशबोर्ड टिपायला मी तो लावते. पत्र्यासाठी शक्यतो लावत नाही, कारण सगळी चकाकी काढली की गोलाईही गेली. क्रोमवर तर त्याचा उपयोगच होत नाही. धातूवरून परतणारा प्रकाश त्या फिल्टरला दाद देत नाही. बंपरमध्ये आपण स्वतः उमटणारच. गडद कपडे घालावेत, लांब लेन्स लावून दूर उभं राहावं, म्हणजे आपण त्यात ठिपक्याएवढे होतो.

आणि कॅमेऱ्याच्या मापनावर विसंबू नये. काळ्या गाडीला तो उगाच उजळ करतो, पांढरीला मळकट. काळ्याला एक पायरी कमी, पांढऱ्याला एक पायरी जास्त, एवढं हाताने केलं तरी पुष्कळ सुधारतं.

रीतभातही शिकावी लागते. पट्ट्याचं बक्कल, पर्सची चेन, गळ्यात लोंबणारा कॅमेरा, यांतल्या कशाचाही ओरखडा महिन्यांचं काम मातीत घालतो. कॅमेऱ्याचा पट्टा मी मनगटाला गुंडाळते. गाडीला टेकायचं नाही, दार उघडायचं नाही. बहुतेक मालक इंजिन दाखवायला बोनेट उघडं ठेवतात, त्यामुळे गाडीची रेषा तुटते. आधी इंजिनाचे फोटो मन लावून काढले, कार्ब्युरेटर किती आहेत ते विचारलं, की नंतर “दोन मिनिटं बोनेट मिटता का?” या विनंतीला नाही म्हणणारा मला क्वचितच भेटला आहे. पुढची चाकं थोडी वळवून मागावीत. टायरची नक्षी आपल्याकडे न येता चाकाचा दर्शनी भाग आपल्याकडे यावा, एवढीच.

मराठी पाहुणे घरी आले की मी त्यांना आवर्जून इथे नेते. जुनी शेवरोलेट दिसली की सांगते, या गाड्या मुंबईत शिवडीला जोडल्या जायच्या. जनरल मोटर्सने १९२८ साली तिथे जुळणी सुरू केली आणि १९५४पर्यंत चालवली. डॉज आणि प्लायमाऊथ कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. बाबांकडे लग्नाच्या वरातीत फिरणारी एक डॉज दर दिवाळीआधी रंगाला यायची. तिच्या मडगार्डाची गोलाई इथल्या कित्येक गाड्यांत मला ओळखीची वाटते. सांगलीत एखादी पद्मिनी किंवा अँबॅसेडर कोणी जपून ठेवली असेल तर वर सांगितलेलं सगळं तिलाही लागू आहे. मोकळं मैदान आणि संध्याकाळ असली की झालं.

अंधार पडल्यावर रेस्टॉरंटची निऑन पाटी पेटते आणि तिच्या रेघा बोनेटांवर वाहू लागतात. मग गाड्या निघतात. या राज्यातल्या काही शहरांनी हौसेने रस्त्यावर रेंगाळत गाडी फिरवण्यावर बंदी घातली होती. १ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या कायद्याने तसे निर्बंध उठवले. त्याचा सर्वांत जास्त आनंद जमिनीला टेकलेल्या लोरायडर गाड्यांच्या मेक्सिकन-अमेरिकन मालकांना झाला, आणि तो रास्त आहे. बंदीचा फटका त्यांनाच जास्त बसत होता.

फाटकाबाहेर मी पदपथावर उभी राहते. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास ठेवते आणि गाडीबरोबर कमरेतून वळत फोटो घेते. चाकं आणि मागचे दिवे ओढले जातात, दार तेवढं स्थिर राहतं. दहातले नऊ फोटो पुसावे लागतात. गाडी पार्किंगमधून वळताना मालक बहुधा एकदा गिअर खाली घेऊन इंजिन गरजवतात, तेव्हा ती हळू असते. पहिला प्रयत्न त्या वळणावरच करून बघावा.