लांबची शिट्टी: आपण नेमकं काय ऐकतो?

मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय का? ज्यांना ऐकू येत नसेल त्यांनी हात वर करा. कोणीच केला नाही. म्हणजे एकतर सगळ्यांना ऐकू येतंय, किंवा मागच्यांना माझा प्रश्नच पोचला नाही. विनोद सोडा, पण आजची अडचण थोडीफार याच जातीची आहे.

मागच्या वेळी प्रत्यक्ष प्रमाणाबद्दल बोलताना मी सगळी उदाहरणं डोळ्याची दिली. दोरीवर दिसलेला साप, शिंपल्यात दिसलेली चांदी. नंतर चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, ‘सर, आपल्या दार्शनिकांना कान नव्हते का?’ प्रश्न रास्त होता. होते, आणि चांगले तिखट होते. म्हणून आज कानाचं एकच उदाहरण घेऊ, तेही पुण्याचं. रात्री अंथरुणात पडल्यावर लांबून येणारी आगगाडीची शिट्टी.

माझं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेलं. पुण्याला रेल्वे आली १८५८ साली. घाटाचं काम १८६३ मध्ये पुरं झालं, तोवर मुंबईहून येणाऱ्याला मधला बोरघाट पालखीने नाहीतर पायी चढावा लागे. मी सांगतोय तो काळ त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९५६-५७ च्या आसपासचा. मुंबईच्या मार्गावर १९३० च्या सुमारासच विजेची इंजिनं आली होती, पण दौंडकडच्या आणि मिरजेकडच्या गाड्या अजून कोळशावर चालत. वाड्यापासून स्टेशन सरळ रेषेत साडेतीन किलोमीटर असेल. दिवसा गाडीचा आवाज कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. रात्री यायचा, आणि थंडीत तर असा यायचा की गाडी भिकारदास मारुतीपाशी येऊन थांबलीय की काय असं वाटावं.

आमची आजी शाळेत गेलेली नव्हती. वाड्यामागे पिंपळ होता. झोपायच्या आधी ती मागच्या दाराशी उभी राहायची आणि म्हणायची, ‘पिंपळ गप्प झालाय, गाडी उशाशी वाजतेय. उद्या गारठा आहे गं, गोधड्या काढा.’ दुसऱ्या दिवशी खरंच गारठा असायचा. पुढे तत्त्वज्ञान शिकायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की हे शुद्ध अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, तसं शिट्टी जवळ वाजते म्हणून थंडी पडणार आहे. पण धूर आणि आग यांचा संबंध पोरालाही कळतो. शिट्टीचा आणि गोधडीचा काय संबंध?

रात्री आवाज लांबवर का जातो असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘रात्री शांतता असते म्हणून.’ हे उत्तर अर्धं बरोबर आहे. गोंगाट कमी झाला की बारीक आवाज उठून दिसतो, मान्य. पण १८०० साली हुंबोल्ट नावाचा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीवर गेला होता. तिथल्या धबधब्यांचा आवाज रात्री दिवसापेक्षा कितीतरी मोठा येतो हे त्याने पाहिलं. त्यालाही आधी शांततेचंच उत्तर सुचवलं गेलं असणार. पण त्याने बोट ठेवलं ते असं, की त्या जंगलात रात्र शांत नसते. किड्यांच्या किरकिरीने ती दिवसाहून जास्त गजबजलेली असते. तरी धबधबा मोठा ऐकू येतो. म्हणजे शांतता सोडून दुसरं कारण शोधायला हवं. एखादं कारण खरं की नुसतं सोबतीला आलेलं, हे कसं तपासायचं याचं इतकं नेटकं उदाहरण मला तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही सापडलं नव्हतं.

ते दुसरं कारण हवेच्या तापमानात आहे. आवाज उबदार हवेत जलद जातो, गार हवेत सावकाश. २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, आणि दर अंशामागे सुमारे ०.६ मीटरचा फरक. फरक क्षुल्लक वाटतो, पण त्याने आवाज वाकतो. पालखीच्या दिंडीत वळण आलं की काय होतं ते आठवा. ओळीतला बाहेरच्या कडेचा वारकरी भराभर पावलं टाकतो, आतला सावकाश चालतो, आणि सगळी ओळ सावकाश चालणाऱ्याच्या बाजूला वळते. आवाजाची लाटही तशीच सावकाश बाजूकडे वळते. दिवसा जमीन तापलेली असते, खालची हवा गरम, वरची गार. म्हणून आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. गाडी शिट्टी देते, पण आपण तिच्या सावलीत असतो. रात्री उलट होतं. आकाश निरभ्र असलं, वारा पडलेला असला, की जमीन आपली उष्णता वर फेकून निवते. तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. आता सावकाश बाजू खाली आहे. वर निघालेली शिट्टी वाकून पुन्हा जमिनीवर, म्हणजे आपल्या उशाशी येते. हे झाकण डोळ्यांनी पाहायचं असेल तर डिसेंबरात पहाटे वेताळ टेकडीवर जा. शहरावर धुराचा एक सपाट थर पसरलेला दिसेल.

जाता जाता एक पुणेरी गोष्ट. जमिनीलगतच्या या हवेचा अभ्यास ज्यांनी केला, त्यांत एल. ए. रामदास यांचं नाव मोठं आहे. आपल्या शिवाजीनगरच्या वेधशाळेत, जिला जुने लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात, ते कृषी हवामानाचं काम पाहत. १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी दाखवलं की निरभ्र, निवांत रात्री सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते. ती काही वीत वर असते. पुष्कळांचा त्यावर बराच काळ विश्वास बसला नाही. आपल्या शिट्टीला या थराने काही फरक पडत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

तर आजीचं अनुमान असं सिद्ध होतं. निरभ्र आकाश आणि पडलेला वारा या एकाच कारणातून दोन गोष्टी निघतात. शिट्टी जवळ येते, आणि पहाटेपर्यंत गारठा वाढतो. शिट्टी थंडीचं कारण नाही, खूण आहे. आता पिंपळाचं बघा. नैयायिक विचारतील, लिंग शुद्ध आहे का? वारा स्टेशनकडून आपल्याकडे वाहत असला तरीही शिट्टी जवळ ऐकू येते, आणि तेव्हा थंडी पडेलच असं नाही. ओलं सरपण असेल तरच आगीपासून धूर निघतो, तशी इथेही एक अट दडलेली आहे. तिला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात. आजी आधी पिंपळाकडे बघायची. पिंपळाच्या पानाचा देठ इतका लांब आणि लवचीक असतो की बाकी झाडं स्तब्ध असतानाही ते पान सळसळतं. पिंपळ गप्प म्हणजे वारा खरोखरच नाही. उपाधी शब्द तिच्या कानावर आला असता तर तिला ती पदवी वाटली असती, पण तिने ती बरोबर वगळली होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिट्टी ऐकताना मी म्हणतो, ‘लांब कुठेतरी गाडी चाललीय.’ हे लांबपण मला ऐकू आलं, की मी ते मागाहून ठरवलं?

बौद्धांचं म्हणणं, विशेषतः वसुबंधूंच्या अभिधर्मकोशात मांडलेलं, असं की डोळा, कान आणि मन विषयाला स्पर्श न करताच त्याचं ज्ञान करून घेतात. जीभ, नाक, त्वचा यांचं तसं नाही, साखर जिभेवर यावी लागते. हे म्हणणं अनुभवाला धरून आहे. शिट्टी माझ्या कानात वाजते असं कोणालाच वाटत नाही, ती तिकडे वाजते. न्याय-वैशेषिकांना हे पटत नाही. स्पर्शाशिवाय कानाला कळत असेल तर सोलापूरची शिट्टी का कळत नाही? वारा उलटा असला की ऐकू येणं कमी का होतं? त्यांचं उत्तर असं की पहिला शब्द दुसऱ्या शब्दाला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि या साखळीतला शेवटचा शब्द आपल्या कानाच्या पोकळीत जन्मतो. आपण ऐकतो तो फक्त हा शेवटचा. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या प्रशस्तपादांपासून ही लाटांची उपमा चालत आली. तिला वीचीतरंग न्याय म्हणतात. काहींनी तिच्याऐवजी कदंबाचं फूल घेतलं. कदंबाचं फूल पाहिलंय ना? लाडवासारखं गोल आणि चहूकडे केसर. शब्द तसा एकदम सगळ्या दिशांना फुटतो. शब्द आकाशाचा गुण आहे, हे त्यांचं मत आज कोणी मानणार नाही. त्याबाबतीत वायूकडे बोट दाखवणारे मीमांसक जास्त जवळ होते. पण साखळीची कल्पना पक्की आहे. आणि ती मान्य केली की एक गंमत होते. साडेतीन किलोमीटर यायला शिट्टीला दहा सेकंद लागतात. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली असेल तर तेवढ्यात ती दीडशे मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. मी ऐकतो ती गाडी तिथे नाहीच.

मग लांबपण कुठून आलं? माझं उत्तर सांगतो, पटतंय का बघा. हवा सगळे सूर सारखे वाहून नेत नाही. २५० हर्ट्झच्या जाड सुराचं एक किलोमीटरमध्ये जेमतेम एक-दीड डेसिबलचं नुकसान होतं. ४,००० हर्ट्झच्या बारीक सुराचं तेवढ्याच अंतरात २५-३० डेसिबलचं. म्हणजे शिट्टीतली धार वाटेतच गळून पडते आणि घुमारा तेवढा पोचतो. जवळची हळू वाजवलेली शिट्टी आणि लांबची मोठी शिट्टी यांत आपली गल्लत होत नाही ती यामुळे. लांबच्या आवाजात काहीतरी नसतं, आणि ते नसणं आपल्याला ऐकू येतं. टेबलावर घडा नाही हे कळणं प्रत्यक्ष की अनुपलब्धी, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक शतकानुशतकं भांडले. त्या वादात मला कायम कोरडेपणा वाटायचा. लांबची शिट्टी हा माझ्यापुरता त्यातला ओलावा आहे. लांबपण म्हणजे आवाजात जे उरलं नाही ते.

आता थोडं घरचं. तीन वर्षांपूर्वी माझे कान तपासले. वयाने होतं तसंच झालंय, वरचे सूर गेलेत. स आणि श यांच्यावर माझा भरवसा उरलेला नाही. ‘सात’ म्हटलेलं मला ‘आत’ ऐकू येतं आणि मी दारात जाऊन कोण आलंय ते बघतो. आलेख दाखवताना त्या मुलीने उतरती रेघ दाखवली आणि मला एकदम हसू आलं. हवा साडेतीन किलोमीटरमध्ये शिट्टीचं जे करते, तेच वयाने सगळ्या जगाचं केलं होतं. बायको स्वयंपाकघरातून बोलते आणि मला ती लांबून बोलल्यासारखी वाटते, ते तिचं बोलणं हळू आहे म्हणून नव्हे. लांबपणाची खूण माझ्या कानातच बसलीय. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आलो की भ्रमाचं कारण विषयात असतं किंवा इंद्रियात. इंद्रियातलं कारण असं शांतपणे येतं हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तिला म्हणत होतो की तू हल्ली पुटपुटतेस. ती चिडायची, आणि तिचं बरोबर होतं.

यातून एक गोष्ट निघते. लांबच्या शिट्टीतले बारीक सूर आधीच गेलेले असतात. तेव्हा तिच्यापुरते मी आणि माझा नातू जवळपास सारखे असायला हवेत. तरी एरंडवण्यातल्या आमच्या घरी, शिवाजीनगर स्टेशनपासून तीन किलोमीटरवर, मला ती क्वचितच ऐकू येते. गाड्याच शिट्टी कमी देतात का? फाटकाआधी रुळांच्या कडेला पिवळी पाटी असते, ती आली की चालकाने शिट्टी द्यायचीच. फाटकं कमी होऊन पूल झाले की तेवढ्या शिट्ट्याही कमी होतात. शिवाय कोळशाच्या इंजिनाची शिट्टी गेली. आता दाबलेल्या हवेने पडदा थरथरवणारे कर्णे आहेत. की रस्त्याची घरघर रात्रभर चालू असते म्हणून? की माझे खालचे सूरही जायला लागलेत? शहर बदललं की मी, हे मला एकट्याला बसल्या जागी ठरवता येत नाही. माझ्याकडे साधन एकच आहे, आणि तेच संशयित आहे.

म्हणून आम्ही एक वही केलीय. बायकोची झोप सावध. ती मला कोपराने हलवते, ‘अहो, आली बघा.’ कधी मला येते. बऱ्याचदा येत नाही, पण गाडी आली हे मला तेव्हाही कळलेलं असतं. आपल्याकडे ‘शब्द’ म्हणजे आवाज, आणि ‘शब्द’ म्हणजे विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून मिळणारं ज्ञानही. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी हे दोन अर्थ फळ्यावर दोन बाजूंना लिहून, मुलांनी गोंधळ करू नये म्हणून मध्ये जाड रेघ मारायचो.

वहीत चार रकाने आहेत. तिची वेळ, माझी वेळ, वारा, आणि सकाळच्या पेपरातलं शिवाजीनगरचं किमान तापमान. आमच्याकडे पिंपळ नाही, म्हणून वाऱ्यासाठी गॅलरीतला वाळत घातलेला पंचा बघतो. काल रात्री पंचा स्तब्ध होता. तिच्या रकान्यात ३.१० लिहिलंय, माझ्या रकान्यात रेघ आहे. आज इथे येताना मी मफलर घातलाय तो त्या भरवशावर.

आता प्रश्न विचारा. जरा मोठ्याने.