विळी विमानाच्या पोटात, इन्सुलिन आपल्या हातात

मुले परदेशी स्थायिक झाली की आईवडिलांच्या सामानात लोणच्याबरोबर विळी किंवा अडकित्ताही जातो. गेल्या वर्षी आमच्या एका मधुमेही पेशंटने नेमका उलटा हिशेब केला. अडकित्ता ठेवला हातातल्या पिशवीत आणि ‘सुया कोण नेऊ देणार?’ म्हणून इन्सुलिन टाकले मोठ्या बॅगेत. अडकित्ता तपासणीत गेला, बॅग दोन दिवस उशिरा पोहोचली. तोवर साखर एवढी वाढली की मुलाला त्यांना घेऊन इस्पितळ गाठावे लागले.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत अपहरणकर्त्यांनी चाकूंच्या धाकाने विमाने पळवली. त्यानंतर तपासणी फार कडक झाली. चाकू, विळी, अडकित्ता, दाढीची सुटी पाती हे सारे मोठ्या बॅगेतच ठेवावे. ही बॅग आपल्या माघारी उघडली जाऊ शकते. तपासणाऱ्याचा हात कापू नये म्हणून पात्याला जाड पुठ्ठा लावून वर कापड गुंडाळावे, दोरीने घट्ट बांधावे आणि ते पुडके कपड्यांच्या मधोमध ठेवावे. उतरल्यावर बॅगेत आंधळेपणाने हात घालू नये. कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

कस्टमचे नियम देशोदेशी निराळे असतात. बटण दाबताच उघडणारा चाकू किंवा काठीत लपवलेली गुप्ती ब्रिटनमध्ये नेता येत नाही. ऑस्ट्रेलियात खुरप्याला माती चिकटलेली चालत नाही. ते धुऊन, वाळवून न्यावे आणि फॉर्मवर तशी नोंद करावी.

इन्सुलिनचे मात्र वेगळे आहे. ते, त्याच्या सुया व साखर तपासण्याचे यंत्र हातातल्या पिशवीतच हवे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तीत औषधाचे मूळ नाव आणि पासपोर्टप्रमाणे रुग्णाचे नाव लिहून घ्यावे. मोठी बॅग हरवू शकते. शिवाय विमानाच्या पोटातल्या थंडीने इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरू नये. याच कारणाने ते बर्फाला चिकटवूनही ठेवू नये. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डबीत टाकाव्यात.

आणखी एक. विमानात जागा नाही म्हणून कधीकधी हातातली बॅगही ऐन वेळी दारातच मागून घेतात. ती देण्यापूर्वी औषधांची पिशवी आठवणीने काढून घ्यावी.

अडकित्ता गेला तर सुपारी दातांनी फोडता येत नाही एवढेच. आणि सुपारी सुटली तर डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे. इन्सुलिनचे तसे नाही.